उशीर कुठून मोजायचा?

ग्रामीण भागात ऑटिझमचं निदान उशिरा होतं, या विषयावर प्रपोजल लिहायला बसलेले विद्यार्थी दरवर्षी दिसतात. मीही त्यांच्यातलीच. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके मी निवडले होते, आणि पहिल्या मसुद्यात व्याख्येच्या जागी लिहिलं होतं : 'निदानातील विलंब म्हणजे पालक फॅमिली डॉक्टरकडे पहिल्यांदा गेले तेव्हापासून निदान होईपर्यंतचा काळ.' गाईडनी समासात पेन्सिलीने तीनच शब्द लिहिले : 'कुठला फॅमिली डॉक्टर?'

आधी राग आला. मग ती व्याख्या मी कुठून उचलली हे शोधायला लागले, तेव्हा लक्षात आलं की वाक्य माझं नव्हतंच. इंग्लंडमधल्या पेपरमधून ते जसंच्या तसं आलं होतं आणि त्याच्यासोबत तिथली सगळी आरोग्यव्यवस्थाही माझ्या प्रपोजलमध्ये घुसली होती. म्हणून आज आपण या विषयावरचे तीन पेपर एकाच प्रश्नाने वाचू या : यांचं घड्याळ कधी सुरू होतं? तिन्ही पेपर चांगले आहेत. वाईट पेपरची चूक आपल्याला लगेच दिसते. चांगल्या पेपरची मर्यादा आपण नकळत उचलतो, म्हणून तेच तपासायला हवेत.

पहिला पेपर : दार आहे, तरीही उशीर

लॉरा क्रेन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 'ऑटिझम' या जर्नलमध्ये २०१६ साली आला. ब्रिटनमधल्या १,०४७ पालकांचं सर्वेक्षण. त्यातला सगळ्यात जास्त सांगितला जाणारा निष्कर्ष असा की पालकांनी पहिल्यांदा एखाद्या आरोग्य व्यावसायिकाकडे धाव घेतल्यापासून निदान हातात पडेपर्यंत सरासरी साडेतीन वर्षं गेली.

हा आकडा आपल्यासाठी दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. एक म्हणजे, तिथे प्रत्येकाचं नाव कुठल्या ना कुठल्या फॅमिली डॉक्टरकडे नोंदलेलं असतं. तरीही एवढा वेळ लागतो. म्हणजे 'आपल्याकडे फॅमिली डॉक्टर असता तर प्रश्न सुटला असता' हे गृहीतक प्रपोजलमध्ये लिहायची सोय राहत नाही. 

दुसरं कारण मोजमापाचं आहे. 'आरोग्य व्यावसायिकाकडे पहिली भेट' ही तारीख ब्रिटनमध्ये कुठल्यातरी नोंदीत असते आणि पालकांच्याही लक्षात असते, कारण ती भेट काहीतरी सुरू करते. डॉक्टर चिठ्ठी देतो, पुढच्या रांगेत नाव लागतं. आता रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारं, मराठवाड्यातून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारं एखादं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. मुलाला ताप आला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, जुलाब झाले की दुसरीकडे, खोली बदलली की तिसरीकडे. डॉक्टर बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस, भला माणूस, पण त्याच्यापुढे पंचवीस पेशंट बसलेले. आई निघता निघता विचारते, 'डॉक्टर, हा अजून बोलत नाही.' उत्तर येतं, 'बोलेल. मुलगे जरा उशिराच बोलतात.' ही पहिली भेट धरायची का? तिची नोंद कुठेच नाही. आणि तिच्यातून पुढे काहीच सुरू होत नाही.

दुसरा पेपर : पोहोचलेल्यांची गोष्ट

आता आपल्या देशातला पेपर. तमारा डेली यांचा, 'सोशल सायन्स अँड मेडिसिन' या जर्नलमध्ये २००४ साली छापलेला. शहरी भारतातल्या ऑटिझम असलेल्या मुलांच्या ९५ कुटुंबांना त्यांनी तीन गोष्टी विचारल्या : लक्षण पहिल्यांदा कधी जाणवलं, कोणाकोणाकडे गेलात, आणि ऑटिझम हा शब्द येण्याआधी कोणकोणती निदानं झाली. भारतीय पालकांना आधी जाणवलं ते मुलाचं माणसांत न मिसळणं, आणि अमेरिकेतल्या पालकांच्या तुलनेत ते सहा ते दहा महिने उशिरा जाणवलं, असा निष्कर्ष आहे.

हा पेपर मला आवडतो. पालकांना अडाणी न ठरवता, ते काय पाहतात आणि त्याचा अर्थ कसा लावतात हे तो विचारतो. घड्याळही तो डॉक्टरच्या दारापासून सुरू करत नाही. आईच्या मनात पाल चुकचुकली तिथून सुरू करतो. आपल्या भागासाठी हे जास्त योग्य आहे.

पण सॅम्पलकडे पाहा. या सगळ्या मुलांचं निदान झालेलं होतं. म्हणजे मुलाखत झाली ती पोहोचलेल्या कुटुंबांची. जे अर्ध्या वाटेवर थकले, ज्यांनी जिभेखालचा पडदा कापून घेतला आणि आता बोलेल म्हणून थांबले, ज्यांची कानाची बेरा टेस्ट नॉर्मल आली म्हणून सगळंच नॉर्मल मानलं गेलं, ती कुटुंबं अशा सॅम्पलमध्ये येऊच शकत नाहीत. अशा अभ्यासातून निघणारा 'सरासरी उशीर' हा पोहोचलेल्यांचा उशीर असतो. न पोहोचलेल्यांचं घड्याळ अजून चालूच आहे आणि ते कुठल्याही सरासरीत धरलेलं नाही. पंढरपूरला पोहोचलेल्या वारकऱ्यांना विचारून वारीत किती जण वाटेत थांबले हे कळत नाही, तसंच हे.

दुसरी अडचण आठवणीची. निदान झाल्यावर पालक पुस्तकं वाचतात, प्रशिक्षण घेतात, इतर पालकांशी बोलतात. मग 'पहिलं काय जाणवलं?' याचं उत्तर नव्या ज्ञानाने नव्याने रचलं जातं. 'तो नजरेला नजर देत नव्हता' हे वाक्य आईला तेव्हा सुचलं होतं की थेरपिस्टने विचारल्यावर आठवलं? मुलाखतीतून हे वेगळं करणं फार कठीण असतं. तुम्ही मुलाखती घेणार असाल तर तारखेऐवजी प्रसंग विचारा : दिवाळी होती का, बारशाला गेला होतात का, धाकट्याचा जन्म झाला होता का. माणसं महिना विसरतात, प्रसंग विसरत नाहीत.

डेलींच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. शीर्षकातच 'शहरी' शब्द आहे. त्यांनी खेड्यांबद्दल दावा केलेला नाही. दावा आपण करतो, जेव्हा शिरूरच्या प्रपोजलमध्ये 'भारतीय पालकांना सहा ते दहा महिने उशिरा जाणवतं' असं लिहून कंसात २००४ टाकतो. शिवाय तेव्हाचा कायदाही वेगळा होता. १९९५च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझम नव्हता. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला आणि २०१६च्या कायद्यात २१ दिव्यांगत्वांच्या यादीत त्याला जागा मिळाली. जुना पेपर वापरताना त्याच्या काळातले रस्ते आज तेच आहेत का हे पाहावं लागतं.

तिसरा पेपर : मोजलं सगळ्यांना, वाट विचारली नाही

नरेंद्र अरोरा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'प्लॉस मेडिसिन'मध्ये २०१८ साली आला. पलवल, कांगडा, धेंकनाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा, अशा पाच ठिकाणी २ ते ९ वयाच्या ३,९६४ मुलांची तपासणी. पोहोचलेल्यांपुरता हा अभ्यास थांबला नाही. लोकवस्तीतून मुलं निवडली. ऑटिझमसह मेंदूच्या वाढीशी निगडित विकारांपैकी निदान एक असलेल्या मुलांचं प्रमाण २ ते ६ वयोगटात ठिकाणानुसार २.९ पासून १८.७ टक्क्यांपर्यंत निघालं.

एवढी तफावत का, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्या प्रश्नापुरतं पाहिलं तर या पेपरने डेलींच्या सॅम्पलची अडचण सोडवली, पण घड्याळच काढून टाकलं. किती मुलं आहेत हे तो सांगतो. ती कुठल्या वाटेने कुठवर आली होती, हे विचारणं त्याचं कामच नव्हतं.

म्हणजे आता चित्र असं दिसतं. एका पेपरकडे तारखा आहेत, पण त्या फॅमिली डॉक्टर असलेल्या देशातल्या. दुसऱ्याकडे वाट आहे, पण पोहोचलेल्यांची. तिसऱ्याकडे सगळी मुलं आहेत, पण वाट नाही. शिरूर-दौंडसाठी काम करायचं तर या तिघांच्या मधली जागा रिकामी आहे. ती भरायची तर आधी विचारावं लागेल : फॅमिली डॉक्टर नसेल तर मुलाला नियमित पाहतं कोण?

लसीचा दिवस

कागदावर उत्तर तयार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके, २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. ३० आजार-विकारांच्या यादीत ऑटिझमही आहे. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळेत वर्षातून एकदा जातं. शंका आली तर मूल पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे.

आता ही तपासणी मुलाच्या बाजूने पाहा. पथक येतं त्या दिवशी उंची, वजन, डोळे, दात, हिमोग्लोबिनची शंका असं सगळं पाहायचं असतं. ऑटिझम असलेलं मूल त्या गर्दीत कदाचित कोपऱ्यात गप्प बसलेलं असेल, आणि गप्प बसणारं मूल 'शहाणं' ठरतं. इथे नुसत्या नजरेने काम होत नाही. आईला किंवा अंगणवाडीच्या ताईंना नेमके प्रश्न विचारावे लागतात.

वयाचाही घोळ आहे. एम-चॅट-आर नावाची प्रश्नावली जगभर वापरतात : २० प्रश्न, आणि वय १६ ते ३० महिने. मूल बोट दाखवून एखादी गोष्ट तुमच्या नजरेस आणतं का, रिकाम्या कपातून चहा प्यायचं नाटक करतं का, हाक मारली की वळतं का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न. पण अंगणवाडीत रोज येऊन बसणारी मुलं ३ वर्षांपुढची. त्याआधीच्या वयात घरी आहार नेला जातो आणि मूल वजनापुरतं येतं. म्हणजे ज्या वयासाठी प्रश्नावली आहे, त्या वयात मूल अंगणवाडीत बसत नाही. आणि बसायला लागतं तेव्हा प्रश्नावलीचं वय उलटलेलं असतं. त्यात रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीतली, वीटभट्टीवरची, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली मुलं पथकाच्या दिवशी त्या गावात असतीलच असं नाही. आणि तीन वर्षांनंतर खासगी इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत जाणारी मुलं पथकाच्या वाटेवरच नाहीत.

मग त्या वयात बहुतेक सगळी मुलं कुठे येतात? लसीला. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो. प्रश्नावलीचं वय आणि लसीचं वय जवळपास एकमेकांवर बसतं. डीपीटीचा पुढचा बूस्टर थेट ५ ते ६ वर्षांला. मधली तीन वर्षं, जी या मुलांसाठी सगळ्यात मोलाची, त्यांत लसीच्या निमित्ताने भेट नाही. सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस तेवढा.

म्हणून माझ्या दुसऱ्या मसुद्यात घड्याळ दोन ठिकाणांहून सुरू होतं. एक, घरातल्या कोणालाही पहिल्यांदा शंका आली तो प्रसंग. दोन, १६ ते २४ महिन्यांतल्या लसीची कार्डावरची तारीख. पहिली आठवण आहे, दुसरी नोंद आहे. दुसऱ्या तारखेपासून मोजलेला उशीर कुटुंबाचा राहत नाही. मूल व्यवस्थेच्या हातात होतं, समोर होतं, आणि कोणी विचारलं नाही, असा तो उशीर आहे. 'पालकांमध्ये जागरूकतेचा अभाव' हे वाक्य लिहायच्या आधी ही तारीख काढून पाहा.

सगळ्यांना पुण्याला पाठवा म्हणणं सोपं आहे

इथे तुम्ही म्हणाल, मग लसीच्या दिवशी सगळ्यांना प्रश्न विचारा आणि शंका आली की पुण्याला पाठवा. थोडा हिशोब करू. हे आकडे फक्त हिशोबासाठी मानलेले आहेत. समजा एका तालुक्यात योग्य वयाची १०,००० मुलं आहेत आणि १ टक्का, म्हणजे १०० मुलांना ऑटिझम आहे. प्रश्नावली बऱ्यापैकी चांगली आहे : ऑटिझम असलेल्या १०० पैकी ९० मुलं ती पकडते, आणि नसलेल्या १०० पैकी ९० मुलांना बरोबर सोडते.

पकडली गेली ९०. सुटली १०. पण ऑटिझम नसलेल्या ९,९०० मुलांपैकी १० टक्के, म्हणजे ९९० मुलांवरही शंका आली. एकूण शंका १,०८०, त्यांतली खरी ९०. म्हणजे बारा घरांना घाबरवलं तेव्हा एका घरात खरोखर ऑटिझम निघाला.

शिरूरहून पुणे ७० किमीच्या आसपास, आणि रेल्वे नाही. एसटी किंवा जीप. दौंडहून रेल्वे आहे, ती एक सोय. पण रोजंदारी बुडते ती दोन्हीकडे, आणि बहुतेक वेळा आई-बाप दोघांची. म्हणून शंका आणि पुणे यांच्यामध्ये तालुक्यातच एक दुसरी पायरी लागते : प्रशिक्षित माणसाने त्याच प्रश्नांवर पालकांशी सविस्तर बोलणं. एम-चॅट-आरच्या पूर्ण पद्धतीत अशी पाठपुरावा मुलाखत आहेच. आपण प्रश्नावली उचलतो आणि मुलाखत सोडून देतो. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो, तयारी ठेवा.

'निदान झालं' म्हणजे नेमकं काय झालं?

शेवटचं टोकही तपासू, कारण घड्याळ थांबतं कधी हेही ठरवायला हवं. चाचपणी, निदान आणि प्रमाणपत्र या तीन वेगळ्या घटना आहेत आणि पालक तिन्हींना 'तपासणी झाली' म्हणतात. चाचपणी म्हणजे फक्त शंका. निदान तज्ज्ञ करतो. प्रमाणपत्रासाठी ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी जावं लागतं. तिथे तीव्रता मोजायला आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७०च्या खाली असेल तर ऑटिझम नाही, १५३च्या वर असेल तर तीव्र. नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यासारख्या योजनांची दारं उघडतात ती या प्रमाणपत्राने.

एखाद्या खासगी डॉक्टरने कागदावर ऑटिझम लिहिलं आणि कुटुंब घरी परतलं, तर क्रेन यांच्या पद्धतीने घड्याळ थांबलं. मुलाच्या आयुष्यात मात्र अजून काहीच बदललं नाही. म्हणून तिन्ही तारखा वेगवेगळ्या रकान्यांत घ्या. आणि चौथा रकाना घाला : पहिली प्रत्यक्ष मदत कधी मिळाली? गोवा आणि रावळपिंडीतला २०१६चा एक प्रयोग या बाबतीत उमेद देतो. ऑटिझम असलेल्या ६५ मुलांच्या त्या चाचणीत पालकांना मार्गदर्शन करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते; आणि पालक-मुलाच्या संवादात फरक दिसला. चाचणी लहान आहे, तिच्यावर फार मोठी इमारत बांधू नका. पण निदानाच्या रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाला तोवर काहीच देता येत नाही, हे तितकंसं खरं नाही एवढं तिने दाखवलं.

मग सॅम्पल कुठून आणायचं?

शिरूर तालुक्यात वढू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं, बानू कोयाजी यांनी उभं केलेलं ग्रामीण आरोग्याचं काम तिथलं. २००२पासून तिथे शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत घराघराची नोंद ठेवली जाते : जन्म, मृत्यू, स्थलांतर. संशोधकाच्या भाषेत ही तयार सॅम्पलिंग फ्रेम. अशा यादीतून मुलं निवडली तर न पोहोचलेलीही सापडतात. दौंडकडे अशी यादी नाही. तिथे अंगणवाडीचं रजिस्टर, लसीकरणाच्या नोंदी आणि एमआयडीसीच्या खोल्यांची स्वतः केलेली यादी जुळवावी लागेल. दोन तालुक्यांची तुलना करताना ही असमानता पहिल्या प्रकरणातच कबूल करा. नाहीतर दौंडमध्ये मुलं कमी सापडली म्हणजे तिथे ऑटिझम कमी, असं लिहून बसाल.

शेवटी एक गोष्ट, जी पद्धतीची आहे आणि माणुसकीचीही. तुम्ही घरोघरी जाऊन प्रश्न विचारायला लागलात की त्या दिवसापासून त्या कुटुंबाच्या घड्याळात तुम्हीही आहात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने 'बोलेल' म्हणून परत पाठवलं, आणि तुम्ही शंका लिहून घेऊन डेटा घेऊन गेलात, तर त्या आईसाठी दोघांत फरक काय? एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये 'योग्य ठिकाणी पाठवले जाईल' असं आपण सगळेच लिहितो. त्या जागी कुठल्या ठिकाणी, कुठल्या वारी, एसटीचं भाडं कोण देणार आणि सोबत कोण जाणार, एवढं लिहून पाहा. लिहिता आलं नाही, तर अभ्यास अजून सुरू करायचा नाही.

गाईडच्या त्या तीन शब्दांचं उत्तर माझ्या मसुद्यात आता अडीच पानांचं झालंय. तुमच्या प्रपोजलमध्ये 'विलंब' शब्द असेल तर आज रात्री तो शोधा आणि त्याच्यापुढे एकच ओळ लिहा : कुठल्या तारखेपासून, आणि ती तारीख कोणाकडे लिहिलेली आहे.